गाडीचा रेडिएटर घरी बदलायचाय? आधी आतला गाळ काढा

रेडिएटर बदलायचं काम लांबून बघितलं की फार मोठं वाटतं, पण दोन जाड होज (रबरी पाइप), एखाद-दुसरी बारीक नळी, पंख्याचा कनेक्टर आणि वरचे दोन ब्रॅकेट एवढं सुटलं की तो हातात येतो. खरं काम आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं. आधी इंजिनात वर्षानुवर्षं साठलेला गाळ बाहेर काढायचा, नंतर नवं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरताना आत अडकलेली हवा काढायची. या दोन्ही गोष्टी नीट झाल्या तर गाडी पुढे कितीतरी वर्षं त्रास देत नाही, आणि यातली एक जरी राहिली तर नवा कोरा रेडिएटर बसवूनही टेंपरेचरचा काटा परत वर चढायला लागतो.

असं का होतं ते कळलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप पटते. इंजिनात जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग उष्णता म्हणून कूलंटमध्ये उतरतो आणि ती सगळी उष्णता रेडिएटरच्या जाळीतून बाहेर टाकावी लागते. जाळीतल्या नळ्या चपट्या असतात, आतली फट जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. ब्लॉकमधून, म्हणजे इंजिनाच्या मुख्य भागातून, सुटलेले गंजाचे पापुद्रे, नळाच्या पाण्यातले क्षार, जुन्या कूलंटचा चिकटा, आधीच्या मालकाने कधीतरी टाकलेली लीक बंद करायची पावडर, हे सगळं फिरत फिरत जिथे अरुंद जागा मिळेल तिथे जाऊन बसतं, आणि ती जागा म्हणजे तुमचा नवा रेडिएटर. म्हणून सिस्टीम न धुता रेडिएटर बदलला तर मी ते काम अर्धंच झालं असं धरतो.

दोष रेडिएटरचाच आहे का?

गाडी गरम होते म्हणजे रेडिएटरच गेला असं नसतं. ट्रॅफिकमध्ये उभं असताना काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर आधी पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले तपासा, कारण पळत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. याच्या उलट, गावात ठीक चालते पण हायवेला वेगात किंवा लांब चढावर काटा वर जातो, तर जाळी आतून चोंदल्याचा संशय जास्त. काटा वर आहे पण रेडिएटरला जाणारा होज नुसता कोमट लागतोय, तर बऱ्याचदा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, अडकलेला निघतो. इंफ्रारेड थर्मामीटर असेल तर इंजिन तापल्यावर जाळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, तापमान हळूहळू उतरत गेलं पाहिजे, मध्येच एखादा गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद झाल्यात. हे करताना हात पंख्यापासून लांब ठेवा, तो कधीही चालू होतो.

गळती शोधायची असेल तर ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे एकमेकांना जोडलेली असते त्या शिवणीवर टॉर्च मारून बघा. आजच्या बहुतेक रेडिएटरची टाकी प्लॅस्टिकची असते, मध्ये रबरी गॅस्केट आणि वरून ॲल्युमिनियमच्या घड्या दाबलेल्या, आणि वर्षानुवर्षं तापून-गार होऊन ते प्लॅस्टिक ठिसूळ होतं. तिथे वाळलेले पांढरट, हिरवट किंवा गुलाबी डाग दिसले तर तुमचा निर्णय झाला.

एक गोष्ट मात्र पैसे खर्च करायच्या आधी नक्की बघा. गार इंजिन चालू केल्याबरोबर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होतोय, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, किंवा ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरलीय, यातलं काहीही असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि त्याच्या वरचं हेड यांच्यामधलं सील, तपासून घ्या. झाकणाखालची साय कधीकधी नुसत्या छोट्या फेऱ्यांमुळे जमलेल्या दमटपणाचीही असते, पण बाकीच्या खुणांबरोबर दिसली तर दुर्लक्ष करू नका. गॅस्केट उडालेलं असताना रेडिएटर बदलून काही उपयोग होत नाही.

आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे काम घरी करू नका. त्यात कूलंटचे वेगवेगळे सर्किट असतात, काही थेट हाय व्होल्टेज बॅटरी आणि इन्व्हर्टरमधून जातात.

गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही

रेडिएटर कॅप साधारण १ बारच्या आसपास दाब धरून ठेवते. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंश सेल्सिअसला उकळतं, आणि निम्मं कूलंट निम्मं पाणी असेल तर १२९ च्या आसपास. म्हणजे आतलं द्रव ११० अंशावर शांत बसलेलं असू शकतं, पण झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते त्याच क्षणी उकळून तोंडावर उडतं. हे सेकंदाच्या आत होतं, हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून गाडी बंद करून किमान दोन-तीन तास जाऊ द्या, मी तर सरळ रात्रभर ठेवतो आणि सकाळी कामाला बसतो. वरचा होज दाबून बघा, मऊ आणि गार लागला तरच जाड फडकं धरून झाकण हळू फिरवा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण बऱ्याच गाड्यांत चावी काढलेली असतानाही पंखा चालू होऊ शकतो. सिस्टीम धुताना इंजिन चालू करावं लागेल तेव्हा ती परत जोडायची आणि उघडझाप करायची वेळ आली की पुन्हा काढायची, कंटाळा करू नका. गाडी उचलणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, जॅक स्टँड लावा, मागच्या चाकांना ठोकळे लावा.

आणि कूलंट विषारी असतं. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड लागतं, त्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा प्रमाणातही त्यांच्या किडन्या निकामी होतात. लहान मुलं घरात असतील तर उघडा टब एक मिनिटही एकटा सोडू नका. सांडलं की लगेच भरपूर पाणी आणि फडक्याने पुसून घ्या.

सामान

रेडिएटर घेताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन एवढंच बघून चालत नाही, गिअर ऑटोमॅटिक आहे की मॅन्युअल हेही बघा, कारण ऑटोमॅटिकच्या बऱ्याच रेडिएटरमध्ये टाकीच्या आत गिअर ऑइलचा कूलर असतो. बरोबर नवा थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट, नवी कॅप, वरचा-खालचा होज आणि क्लिपा घ्या. जुने होज दाबून बघितल्यावर चिरा दिसत नसतील आणि टोकं फुगलेली नसतील तर राहू द्या हरकत नाही, पण थर्मोस्टॅट आणि कॅप मी कधीच जुनी ठेवत नाही. सगळं उघडलेलंच असतं आणि या दोन छोट्या वस्तूंवर अख्खी सिस्टीम चालते.

डिस्टिल्ड वॉटर सढळ हाताने आणा, लहान गाडीलाही १५-२० लिटर सहज लागतं. सुरुवातीच्या धुण्याला नळाचं पाणी चालतं, शेवटच्या एक-दोन फेऱ्यांना आणि कूलंटमध्ये मिसळायला मात्र डिस्टिल्डच. ॲल्युमिनियमला चालणारा रेडिएटर फ्लश (आतून धुवायचं रसायन), पसरट टब, मापाच्या खुणा असलेली बादली किंवा कॅन, फनेल, पक्कड, पाने, हातमोजे, चष्मा, पुठ्ठ्याचे दोन मोठे तुकडे, मजबूत झिप टाय आणि भरपूर फडकी.

कूलंट रंगावरून घेऊ नका. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हा नुसता रंग असतो, आत कुठलं रसायन आहे ते रंग सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट वगैरे असतात आणि ते साधारण दोन वर्षांत बदलावं लागतं, ऑर्गॅनिक ॲसिडवालं पाच वर्षांच्या आसपास टिकतं, आणि हे दोन एकत्र झाले तर गंजरोधकं लवकर संपतात, काही वेळा चिकट गाळही धरतो. गाडीच्या हँडबुकमध्ये स्पेसिफिकेशन दिलेलं असतं, ते आणि बाटलीवरचं जुळलं पाहिजे. आणखी एक, रेडी मिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) न घेता कॉन्सन्ट्रेट (बिनपाण्याचं) घ्या, का ते पुढे हिशोबात येईल.

जुनं कूलंट काढताना मोजून काढा

हीटर सगळ्यात गरमवर ठेवा म्हणजे ज्या गाड्यांना हीटरचा व्हॉल्व्ह आहे तो उघडा राहील. टब खाली सरकवा, रेडिएटरच्या तळाशी एका कोपऱ्यात ड्रेन कॉक असतो तो हाताने सैल करा, आणि धार सुरू झाल्यावरच वरचं झाकण काढा, मग धार मोठी होते. कॉक प्लॅस्टिकचा असतो, जुना असेल तर पक्कड लावली की तुटतो. काही गाड्यांना कॉकच नसतो, तिथे खालचा होज काढावा लागतो आणि तेव्हा कूलंट एकदम येतं, टब मोठा ठेवा आणि तोंड बाजूला.

निघालेलं कूलंट मापाच्या कॅनमध्ये ओता आणि किती लिटर निघालं ते लिहून ठेवा. हँडबुकमधली एकूण क्षमता वजा हा आकडा म्हणजे आत राहिलेलं. रेडिएटर रिकामा झाला तरी ब्लॉक आणि हीटरमध्ये बरंच उरतं, बऱ्याच गाड्यांत एकूणच्या एक तृतीयांशाच्या आसपास. ब्लॉकला ड्रेन बोल्ट असेल आणि हात पोचत असेल तर उत्तम, पण गंजलेला असेल तर जोर लावून मोडू नका, आपल्याकडे दुसरा मार्ग आहे.

निघालेल्या कूलंटकडे नीट बघा. स्वच्छ रंगीत असेल तर धुण्याचं काम हलकं आहे. तपकिरी, गढूळ असेल तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग असेल तर थांबा, ऑइल कूलर किंवा हेड गॅस्केटचा प्रश्न असू शकतो. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअर ऑइलला गुलाबी दुधासारखा रंग आला असेल तर टाकीतला कूलर आतून फुटलाय आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये गेलंय, ते प्रकरण वेगळं, गाडी चालू न करता गिअरबॉक्सवाल्याला दाखवा.

धुणं, दोन टप्प्यांत

पहिला टप्पा जुना रेडिएटर जागेवर असतानाच करायचा. सुटणारी घाण जुन्या जाळीत जाऊ दे, तो तसाही निघणारच आहे. पण हे तेव्हाच शक्य आहे जेव्हा गळती बारीक आहे, टाकी फुटलेली असेल तर हा टप्पा सोडून थेट दुसऱ्यावर जा.

कॉक बंद करा, पाणी भरा, फ्लश टाका, झाकण लावा, बॅटरी जोडून इंजिन चालू करा, हीटर गरमवरच. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी रेडिएटरमध्ये फिरत नाही, म्हणून वरचा होज चांगला गरम लागेपर्यंत थांबा आणि तिथून पुढे बाटलीवर लिहिलेली वेळ मोजा. काटा सतत बघत राहा. मग बंद करून पूर्ण गार होऊ द्या. गरम इंजिनात गार पाणी कधीही ओतायचं नाही, हेड वाकू शकतं, ब्लॉकला तडाही जाऊ शकतो. गार झाल्यावर काढा, साधं पाणी भरा, परत तापवा, परत काढा. सगळी घाई इथेच होते कारण एकेका फेरीला दोन-तीन तास जातात, मी यासाठी शनिवारची सकाळ धरतो आणि मध्ये दुसरी कामं करतो.

फ्लशच्या ऐवजी संडास-बाथरूम धुवायचं ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, दोन्ही ॲल्युमिनियम खातात आणि तुमचं हेड, पंपाची बॉडी, हीटरची जाळी सगळं ॲल्युमिनियमचंच असतं.

दुसरा टप्पा रेडिएटर बाहेर काढल्यावर, तो कसा काढायचा ते पुढे आहे. थर्मोस्टॅट काढा, त्याचं घर रिकामंच परत बसवा आणि पाणी नेहमीच्या दिशेच्या उलट सोडा. थर्मोस्टॅट वरच्या होजच्या टोकाला असेल तर त्या होजमध्ये बागेचा पाइप फडक्याने पॅक करून धरा, पाणी हेड-ब्लॉकमधून खालच्या होजने बाहेर येईल. उलट दिशेने का, तर गाळ ज्या बाजूने येऊन अडकलाय त्याच बाजूने तो मोकळा होतो. प्रेशर वॉशर अजिबात नाही, साध्या नळाचा दाब पुरतो.

हीटरकडे जाणारे दोन पाइप डॅशबोर्डच्या भिंतीतून आत जातात, ते काढून हीटर वेगळा धुवा, आधी उलट मग सरळ, दाब अगदी मंद ठेवून. जास्त दाबाने हीटरची जाळी फुटली तर ती बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी एकदा ब्लॉक स्वच्छ झाला म्हणून समाधानाने हीटरला पाणी लावलं तर पहिल्या पाच सेकंदांत मूठभर तपकिरी, बारीक वाळूसारखा गाळ टबात पडला, बोटांत चोळला तर करकर लागत होता. तो सगळा नव्या रेडिएटरमध्ये गेला असता. तेव्हापासून हीटर मी कधी सोडत नाही.

पाणी नितळ येईपर्यंत चालू ठेवा, पांढऱ्या भांड्यात धरून बघा म्हणजे कळतं.

जुना रेडिएटर काढणं

सुरू करायच्या आधी मोबाइलवर दहा-बारा फोटो काढा, कुठली वायर कुठून जाते, क्लिपेचं तोंड कुठल्या बाजूला आहे, रबरी पट्ट्या कुठे चिकटवल्यात. परत बसवताना हे फोटो फार कामाला येतात.

आधी वरचं प्लॅस्टिक कव्हर, एअर फिल्टरचा पाइप, मग पंख्याचे कनेक्टर. कनेक्टरचा खटका दाबूनच काढा, वायर धरून ओढू नका. पंखा आणि त्याचं कव्हर शक्यतो एकत्रच वर निघतं. स्प्रिंगची क्लिप असेल तर पक्कडीने दोन्ही कान दाबून मागे सरकवा. होज चिकटून बसलेला असतो, तो ओढायचा नाही, आधी फिरवून मोकळा करायचा. फिरत नसेल आणि नवा होज आणलेला असेल तर ब्लेडने लांबीला चीर द्या आणि सोलून काढा. इंजिनाच्या आणि हीटरच्या तोंडावर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं तर तोंड वाकतं किंवा चिरतं, मग एका होजचं काम पाचपट वाढतं.

ऑटोमॅटिक असेल तर गिअर ऑइलच्या दोन नळ्या सोडवाव्या लागतील. तिथे दोन पाने वापरा, एकाने रेडिएटरकडचा नट धरून ठेवा आणि दुसऱ्याने नळीचा सोडवा, नाहीतर नळी पिळवटते. तोंडं लगेच झाका, गिअर ऑइलमध्ये कचरा जाता कामा नये. किती ऑइल सांडलं ते मोजा, तेवढंच परत भरायचंय.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो आणि बऱ्याच गाड्यांत तो रेडिएटरलाच अडकवलेला असतो. त्याचे बोल्ट सोडवायचे पण गॅसच्या नळ्यांना हात लावायचा नाही, आत दाबाखाली गॅस असतो, तो अंगावर उडाला तर कातडी गोठते. कंडेन्सर झिप टायने वरच्या पट्टीला बांधा म्हणजे त्याचं वजन नळ्यांवर येणार नाही. मध्ये पुठ्ठा सरकवा, जाळीच्या पात्या नुसत्या नखानेही वाकतात. मग वरचे ब्रॅकेट काढून रेडिएटर सरळ वर उचला. खाली दोन रबरी बूश असतात, ते रेडिएटरला चिकटून येतात नाहीतर खालीच राहतात, शोधून ठेवा.

आता कंडेन्सरच्या मागच्या बाजूला बघा. धूळ, किडे, पानं, केस यांचा गालिचा तयार झालेला असतो आणि बाहेरून तो कधीच दिसत नाही. मऊ ब्रश आणि हलक्या पाण्याने इंजिनाच्या बाजूकडून पुढे असा धुवा. माझ्या मते अर्ध्या गाड्यांचा गरम होण्याचा त्रास या एका थरात असतो.

नवा बसवणं

जुना आणि नवा जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा. खालच्या खुंट्या, होजची तोंडं, त्यांचा व्यास, पंख्याच्या बोल्टची भोकं, सेन्सरची जागा, सगळं जुळतंय का बघा. तोंडांत वाहतुकीसाठी लावलेली प्लॅस्टिकची बुचं असतात, एखादं आत राहिलं तर सगळी मेहनत वाया जाईल. नवा रेडिएटर आतून डिस्टिल्ड वॉटरने एकदा खळखळून घ्या, कारखान्यातल्या जोडणीचा फ्लक्स आणि बारीक धूळ आत असू शकते.

जुन्या रेडिएटरच्या कडेला फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतील तर त्या नव्यावर आठवणीने लावा. त्यांचं काम म्हणजे वारा कडेने निसटू न देता जाळीतूनच जायला लावणं. त्या फेकल्या की वारा सोपा रस्ता धरून बाजूने निघून जातो आणि सगळं नवं असूनही गाडी ट्रॅफिकमध्ये तापते.

थर्मोस्टॅट बसवताना स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, आणि त्यावर छोटी हलणारी पिन असेल तर ती वर, कारण हवा तिथूनच निघते. बसवायच्या आधी भांड्यात पाणी तापवून त्यात तो दोरीने लटकवून बघितलात तर अजून चांगलं, त्याच्यावर कोरलेल्या तापमानाला, समजा ८२ किंवा ८८ अंशाला, तो उघडायला सुरुवात झाली पाहिजे. गॅस्केट बसते ती जागा जुन्या चिकट्यापासून स्वच्छ करा पण धातूला ओरखडे नकोत.

होज चढवताना तोंडाला थोडं कूलंट लावा, ग्रीस किंवा ऑइल नको, होजचं रबर त्याने फुगतं. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसली पाहिजे, उंचवट्यावर नाही. स्क्रूची क्लिप असेल तर रबर किंचित दबेल एवढीच कसा, प्लॅस्टिकचं तोंड जास्त कसलं तर केसाएवढी चीर पडते आणि ती महिनाभराने कळते. पंखा हाताने फिरवून बघा, कुठला होज किंवा वायर पात्याला लागत नाही ना. ड्रेन कॉक नुसता हाताने घट्ट.

कूलंटचा हिशोब

सगळं जोडून झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर भरून, तापवून, गार करून एकदा शेवटचं काढा, म्हणजे नळाच्या पाण्याचे उरलेले क्षारही गेले. काढलेलं पाणी पुन्हा मोजा.

समजा एकूण क्षमता ६ लिटर आहे आणि शेवटच्या वेळी ४ लिटर निघालं. म्हणजे आत २ लिटर साधं पाणी अजून आहे. आता तुम्ही निम्मं-निम्मं असलेलं रेडी मिक्स ४ लिटर ओतलंत तर त्यात खरं कूलंट फक्त २ लिटर, एकूण सहात दोन, म्हणजे ३३ टक्के. निम्मं भरलंय अशी तुमची समजूत आणि आत तिसरा हिस्सा. त्याऐवजी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि वर १ लिटर डिस्टिल्ड, झालं बरोबर ५० टक्के.

जास्त कूलंट म्हणजे जास्त चांगलं असंही नाही. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशाच्या आसपास असतो, नुसतं ग्लायकॉल मात्र उणे १३ लाच गोठतं, आणि पाण्यापेक्षा उष्णताही कमी वाहून नेतं. आणि कूलंट नुसतं थंडीसाठी नसतं, गंज थांबवणारी रसायनं त्यातच असतात, त्यामुळे ऊन असो की बर्फ, प्रमाण पाळायलाच पाहिजे.

हवा काढणं

गाडीचं तोंड थोडं वर करा, चढावर लावा किंवा पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवा, म्हणजे भरायचं तोंड सगळ्यात उंच येईल. ब्लीड स्क्रू (हवा सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करा. कूलंट अगदी बारीक धारेने ओता, मध्ये मध्ये वरचा-खालचा होज हाताने दाबत राहा, गुडगुड आवाज करत बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते. ब्लीड स्क्रूमधून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की तो बंद करा.

झाकण उघडंच ठेवून, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर कमीवर ठेवून इंजिन चालू करा. तोंडावर घट्ट बसणारं फनेल असेल तर त्यात थोडं कूलंट उभं ठेवा. साधारण १०-२० मिनिटांत थर्मोस्टॅट उघडतो, तेव्हा पातळी एकदम उतरते आणि वरचा होज झपकन गरम होतो, त्या वेळी तोंड फनेलवर धरून बघत उभे राहू नका कारण मोठा बुडबुडा आला तर गरम कूलंट उसळतं. भरत राहा. पंखा आपोआप चालू होऊन बंद झाला, परत चालू होऊन बंद झाला, आतला हीटर सलग गरम हवा देतोय, आणि बुडबुडे थांबले, या चारही गोष्टी झाल्या की मग इंजिन बंद करा, थोडं निवलं की फनेल काढून कॅप लावा. रेडिएटरच्या बाजूला जादा कूलंटची बाटली असते, तीही खुणेपर्यंत भरा. काही गाड्यांत वॉटर पंप इलेक्ट्रिक असतो आणि हवा काढायची पद्धत वेगळी असते, ती हँडबुकप्रमाणेच करा.

काट्यावर मात्र पूर्ण विसंबू नका. माझ्या पहिल्या वेळी काटा छान मधोमध होता म्हणून मी गाडी रस्त्यावर काढली, दोन-तीन किलोमीटरवर हीटरमधून गार हवा यायला लागली आणि डॅशबोर्डच्या मागे पाणी ओतल्यासारखा आवाज येत होता. सेन्सर हवेच्या पोकळीत असेल तर त्याला कूलंटचं तापमान कळतच नाही, काटा शांत दिसतो आणि हेड तापत असतं. मी लगेच गाडी बाजूला घेऊन बंद केली, पूर्ण गार होऊ दिली, उघडलं तर जवळपास लिटरभर जागा रिकामी होती. तेव्हापासून मी काट्यापेक्षा हीटरवर जास्त विश्वास ठेवतो, हीटर गार पडला की आत हवा आहे किंवा कूलंट कमी आहे.

ऑटोमॅटिकवाल्यांनी गिअर ऑइलची पातळी याच वेळी बघून घ्या. मग पाच-सात किलोमीटरची फेरी, घराच्या जवळपासच, बरोबर पाणी घेऊन. परत आल्यावर खाली कोरडा पुठ्ठा सरकवून ठेवा, रात्रभरात एक थेंब जरी पडला तरी सकाळी नेमकी जागा दिसते. सकाळी गार इंजिनावर झाकण उघडून पातळी बघा, बहुतेक वेळा थोडी उतरलेली असते, भरून घ्या. दोन-तीन दिवस असंच करा. वरचा होज गार झाल्यावर आत चेपलेला दिसला तर कॅपमधला उलटा व्हॉल्व्ह काम करत नाहीये, बाटलीतून कूलंट परत ओढलं जात नाही, कॅप बदला. आठवड्याभराने सगळ्या स्क्रूच्या क्लिपा गार असताना एकदा तपासा, नवं रबर थोडं बसतं.

जुनं कूलंट आणि फ्लशचं पाणी गटारात, मातीत किंवा झाडांना ओतू नका. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर विष म्हणून ठळक लिहून, जिथे वापरलेलं ऑइल आणि कूलंट गोळा करतात अशा वर्कशॉपमध्ये किंवा घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या. आणि बोनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवा, कुठल्या स्पेसिफिकेशनचं कूलंट, किती टक्के, तारीख आणि किलोमीटर, म्हणजे पुढच्या वेळी पातळी भरायला बोनेट उघडणारा माणूस दुसरंच काहीतरी ओतणार नाही.